घरातील कचरा, ‘पन्नी’ आणि सेवेचा उद्योग : बालाघाटकरांसाठी एक विचार



मंदिराचे अंगण स्वच्छ असावे, ही प्रत्येक भाविकाची स्वाभाविक इच्छा असते. अंगण झाडले की ते स्वच्छ दिसतेही. पण झाडून काढलेला कचरा पुढे कोठे जातो, कोणाच्या हाती जातो आणि त्याचे काय होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आपल्या घराच्या बाबतीतही हेच खरे आहे. उंबऱ्याबाहेर टाकला की कचरा संपला, असे आपण मानतो. वस्तुतः तो तेथे संपत नाही, तेथून त्याचा प्रवास सुरू होतो.

घरगुती कचरा आणि एकदाच वापरून फेकण्याचे प्लास्टिक कमी करण्यासाठी आपल्या गावात एखादा सामाजिक उद्योग उभा राहावा काय, आणि राहिल्यास न्यासाने त्यात कोणता वाटा उचलावा, हा विषय सदस्यांच्या विचारार्थ येत आहे. निर्णय घेण्यापूर्वी विषयाची बाजू सर्वांसमोर नीट मांडली जावी, या हेतूने हा लेख आम्ही देत आहोत.

वैनगंगेचे नाते

आपले बालाघाट वैनगंगेच्या काठी वसले आहे. सिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे उगम पावून ही नदी आपल्याकडे येते. पुढे ती गोंदिया जिल्ह्याच्या सीमेवरून महाराष्ट्रात जाते. भंडारा, पवनी असा प्रवास करीत ती गोसीखुर्द येथील धरणात अडते, तेथून गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा या प्राचीन शिवमंदिराच्या पायाशी पोहोचते. वर्धा नदीशी संगम झाल्यावर तिला प्राणहिता हे नाव मिळते आणि अखेर ती गोदावरीत विलीन होते.

आपल्यापैकी अनेकांचे नातेसंबंध याच नदीच्या खालच्या अंगाला, विदर्भात आहेत. म्हणजे आपल्या नाल्यातून पावसाळ्यात वाहून गेलेली पिशवी आपल्याच आप्तांच्या घाटावर जाऊन लागते. नदीला राज्याची सीमा नसते, आणि कचऱ्यालाही नसते.

दुसरी गोष्ट गोमातेची. शिळी पोळी, भाजीची देठे, उरलेला भात आपण पातळ पिशवीत बांधतो. या पिशवीला आपल्या भागात ‘पन्नी’ म्हणतात. ती गाठ मारून रस्त्याकडेला ठेवली जाते. अन्नाच्या वासाने गाय येते. तिला गाठ सोडता येत नाही, म्हणून ती पन्नीसकट अन्न गिळते. प्लास्टिक तिच्या पोटात पचत नाही आणि सहजासहजी बाहेरही पडत नाही. ते पोटाच्या पहिल्या कप्प्यात साठत जाते, चारा पचण्यास अडथळा करते आणि पुष्कळदा जनावराच्या मृत्यूचे कारण ठरते. अन्न वाया जाऊ नये म्हणून गायीला घालण्याची भावना चांगलीच आहे. ते अन्न उघडे, भांड्यात ठेवले तरच त्या भावनेला अर्थ उरतो.

सामाजिक उद्योग म्हणजे काय

स्वच्छता मोहीम आपण सर्वांनी पाहिली आहे. एका रविवारी झाडू हाती घेतले जातात, छायाचित्रे निघतात, आणि पंधरा दिवसांत परिस्थिती पूर्ववत होते. यात कोणाच्या श्रद्धेचा दोष नाही. कचरा रोज निर्माण होतो आणि मोहीम मात्र रोज होऊ शकत नाही. रोजच्या कामाला रोजचा माणूस लागतो, आणि रोजच्या माणसाला रोजची मिळकत लागते.

सामाजिक उद्योगाचे मर्म येथेच आहे. धर्मादाय कार्य देणगीवर चालते आणि व्यापार नफ्यासाठी चालतो. सामाजिक उद्योग या दोहोंच्या मधला मार्ग होय. तो सेवा देतो, तिचे मोल घेतो, त्यातून काम करणाऱ्यांना वेतन देतो, आणि जे उरेल ते पुन्हा त्याच कामात घालतो. देणगी आटली तरी काम थांबू नये, एवढी ताकद त्यात असली पाहिजे.

कचऱ्याच्या क्षेत्रात अशा उद्योगाचे महाराष्ट्रातील सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण पुण्याचे आहे. त्याची हकीकत थोडी विस्ताराने देत आहोत, कारण आपल्याला शिकण्यासारखे बहुतेक सर्व त्यात आले आहे.

पुण्याची हकीकत

पुण्यात कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेचून ते भंगारवाल्याला विकणाऱ्या हजारो स्त्रिया पूर्वीपासून होत्या. त्यातील बहुसंख्य दलित समाजातील होत्या. कचराकुंडीत उतरून, कुजलेल्या अन्नातून आणि काचांतून त्या माल वेगळा काढीत. समाज त्यांना घाणेरडे म्हणे, आणि कधी चोर म्हणून संशयही घेई.

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुणे येथील केंद्रात प्रौढ शिक्षणाचे काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने यांचा या स्त्रियांशी संबंध आला. बोलण्यातून एक साधा विचार पुढे आला. लोकांनी घरातच ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवला, तर या स्त्रियांना कुंडीत उतरावे लागणार नाही, माल स्वच्छ मिळेल आणि त्याला भावही बरा येईल. त्याप्रमाणे काही स्त्रियांनी घरोघरी जाऊन वेगळा केलेला सुका कचरा घेण्यास आरंभ केला.

पण काम नीट चालू लागले, तोच एका व्यावसायिकाने त्याच भागात गाडी लावून कचरा उचलण्याची सेवा सुरू केली. हेतू स्वच्छतेचाच होता, तरी परिणाम असा झाला की वेचणाऱ्या स्त्रियांचा घासच हिरावला जाऊ लागला. त्यांनी विरोध केला. या प्रसंगातून आपण संघटित नसलो तर आपले काम कोणीही घेऊन जाईल, ही जाणीव त्यांच्यात निर्माण झाली. हमाल पंचायतीचे नेते बाबा आढाव यांचे मार्गदर्शन लाभले, आणि १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली. पुढे सदस्यांना ओळखपत्रे मिळाली आणि पुणे महानगरपालिकेने ती मान्य केली. ‘वेचणारी’ आता ‘कष्टकरी’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. तिचे मालक स्वतः कचरावेचकच आहेत. २००८ मध्ये महानगरपालिकेशी तिचा करार झाला आणि घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम तिच्याकडे आले. व्यवस्था अशी की साधारणपणे दोन सदस्य मिळून दोन-तीनशे घरांचा कचरा गोळा करतात. प्रत्येक घर महिन्याकाठी ठरलेले छोटे शुल्क त्यांना देते. सुका कचरा निवडून विकण्याचा हक्क त्यांचाच असतो. ओला कचरा आणि उरलेला निरुपयोगी भाग महानगरपालिकेच्या गाडीकडे सोपविला जातो. जुने कपडे, भांडी, पुस्तके यांसारख्या वापरण्याजोग्या वस्तू घरोघरून गोळा करून पुन्हा वापरात आणण्याचे उपक्रमही संस्थेने चालविले आहेत.

या हकीकतीला दुसरी बाजूही आहे. महानगरपालिकेशी झालेल्या कराराचे नूतनीकरण वेळोवेळी रखडले आहे, आणि मोठ्या ठेकेदारांना काम द्यावे असा आग्रहही पुन्हा पुन्हा झाला आहे. स्थानिक संस्थेची साथ नसेल तर असा उद्योग अस्थिर राहतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पुण्याच्या अनुभवाचे सार आम्हांस असे वाटते : कचऱ्याचा उद्योग काढण्यापूर्वी, आज त्या कचऱ्यावर कोणाची चूल पेटते हे आधी पाहावे. आपल्या गावातही कबाडी आहेत, पोते घेऊन पहाटे फिरणाऱ्या माता-भगिनी आहेत. नवा उद्योग त्यांना बाजूला सारून उभा राहिला, तर आपण स्वच्छतेच्या नावाखाली गरिबाची भाकरी काढून घेऊ. तो त्यांनाच बरोबर घेऊन उभा राहिला, तर एकाच कामात दोन पुण्ये पदरी पडतील.

जवळची आणि लहान गावांची उदाहरणे

पुणे महानगर आहे, आपल्याला ते कसे जमेल, अशी शंका येणे साहजिक आहे. म्हणून आणखी दोन उदाहरणे देतो.

छत्तीसगडमधील सरगुजा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण अंबिकापूर हे आपल्याप्रमाणेच वनप्रदेशातील, आदिवासीबहुल भागातील शहर आहे. लोकसंख्येने ते बालाघाटपेक्षा काहीसे मोठे आहे. २०१५ च्या सुमारास, ऋतु सैन या जिल्हाधिकारी असताना, तेथे महिला बचत गटांमार्फत घरोघरी कचरा गोळा करण्याची व्यवस्था उभी राहिली. कचरा वस्तीजवळच्या केंद्रांत नेऊन तेथे त्याची हाताने बारीक निवड होऊ लागली. चारशेहून अधिक महिलांना त्यातून काम मिळाले. घरांचे मासिक शुल्क आणि मालाची विक्री या दोन आधारांवर ही व्यवस्था चालली. शहराच्या जुन्या कचरा मैदानाचे बागेत रूपांतर झाले. २०१९ मध्ये तेथे ‘गार्बेज कॅफे’ही सुरू झाला, ज्यात एक किलो प्लास्टिक आणून देणाऱ्यास पोटभर जेवण देण्याची योजना होती.

दुसरे उदाहरण कोकणातील वेंगुर्ला या चिमुकल्या नगरपरिषदेचे. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या अवघी बारा हजारांच्या घरात होती. रामदास कोकरे हे मुख्याधिकारी असताना तेथे नागरिकांनी कचरा घरीच वेगळा करून देण्याची शिस्त लावून घेतली, आणि पुढे केंद्रावर त्याची वीसहून अधिक प्रकारांत विभागणी होऊ लागली. ओल्या कचऱ्यापासून खत आणि जैववायू, तर निवडलेल्या प्लास्टिकचा बारीक चुरा करून रस्त्याच्या डांबरात वापर, असे मार्ग काढले गेले. जेथे नाक दाबून जावे लागे, ते कचऱ्याचे ठिकाण बाहेरगावचे लोक पाहण्यासाठी येऊ लागले.

बालाघाट नगराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ८४ हजार होती. म्हणजे आकाराने आपण वेंगुर्ला आणि अंबिकापूर यांच्या मध्ये येतो.

पैशाचा हिशेब

कचऱ्यातून सोने निघते, असे पुष्कळदा सांगितले जाते. या कल्पनेवर उद्योग उभारला तर तो वर्षभरात बंद पडतो. घरातील कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो आणि त्याला बाजारभाव जवळपास नसतो. सुक्या कचऱ्यातही पुठ्ठा, वर्तमानपत्र, लोखंड, पाण्याच्या बाटल्या यांना गिऱ्हाईक असते. वेफरची पाकिटे, गुटख्याच्या पुड्या, मळलेल्या पन्न्या यांना कोणीही घेत नाही. शिवाय भंगाराचे भाव सतत वरखाली होतात. म्हणून असा उद्योग मुख्यतः सेवेच्या शुल्कावर चालतो आणि विक्री ही त्याला जोड ठरते.

केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, दोन भगिनींकडे ३०० घरे आहेत आणि प्रत्येक घर महिन्याला ६० रुपये देते. पूर्ण वसुली झाली तर १८,००० रुपये जमतील. शंभरातील दहा घरे देत नाहीत असे धरले, तर १६,२०० रुपये. हातगाडीची दुरुस्ती, हातमोजे, निवडण्याच्या शेडचे भाडे यांसाठी ३,२०० रुपये वजा केले, तर १३,००० रुपये, म्हणजे प्रत्येकीस ६,५०० रुपये आणि वर विक्रीचा हिस्सा. सकाळच्या चार तासांच्या कामाला हे फार नाही, पण संसाराला आधार देणारे आहे.

आता समजा, शंभरातील साठच घरांनी पैसे दिले. वसुली १०,८०० रुपये होईल. खर्च मात्र तेवढाच राहील. प्रत्येकीच्या वाट्याला ३,८०० रुपये येतील. अशा स्थितीत कोणीही दोन-तीन महिन्यांहून अधिक टिकणार नाही. तात्पर्य, उद्योगाचे जगणे-मरणे न देणाऱ्या त्या तीस-चाळीस घरांवर अवलंबून असते. मंदिराच्या दानपेटीत शंभर रुपये टाकणारा हात दारातील भगिनीला साठ रुपये देताना आखडू नये, एवढीच आमची प्रार्थना आहे.

कायदा काय सांगतो

मध्य प्रदेशात २०१७ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये व्यापक प्लास्टिकबंदी जाहीर केली. केंद्र शासनाच्या नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरण्याच्या अनेक वस्तू देशभर बंद झाल्या. त्यांतील आपल्याशी थेट संबंध येणाऱ्या अशा : प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि स्ट्रॉ, सजावटीचे थर्माकोल, प्लास्टिकचे झेंडे, फुग्यांच्या काड्या, मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळण्याचा पातळ पडदा, तसेच १०० मायक्रॉनपेक्षा पातळ फलक. पिशव्यांची किमान जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन करण्यात आली. यातील बहुतेक वस्तू उत्सव, लग्नकार्य आणि महाप्रसाद यांतच अधिक दिसतात, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

फसव्या वस्तू ओळखाव्यात

बंदीनंतर बाजारात अशा काही वस्तू आल्या की त्या प्लास्टिक नाहीत असे वाटावे. पुढील तीन ओळखून ठेवाव्यात.

१. कापडासारखी दिसणारी, मऊ, रंगीत, टोचे पडल्यासारखी जाळीदार पिशवी. दुकानदार तिला कापडी म्हणतात. ती बहुधा पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचीच असते. तिच्यात ताणा-बाणा नसतो, कडेचा धागा ओढून निघत नाही आणि काही महिन्यांत तिचा भुगा होतो. खऱ्या सुती कापडाचा धागा ओढला की सुटतो.

२. कागदी पेला. त्याच्या आतील बाजूस बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. म्हणूनच त्यात चहा झिरपत नाही, आणि म्हणूनच तो रद्दीत सहज चालत नाही.

३. ‘कुजणारी’ असे छापलेली पिशवी. असे साहित्य पुष्कळदा ठराविक उष्णता असलेल्या खतप्रकल्पातच कुजते. नाल्यात किंवा शेताच्या बांधावर ते दीर्घकाळ तसेच पडून राहू शकते.

सुती पिशवीविषयीही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. कापूस पिकविण्यास आणि कापड विणण्यास पुष्कळ पाणी व श्रम लागतात. नवी सुती पिशवी घेऊन ती चार वेळा वापरून फेकली, तर निसर्गाचा लाभ होत नाही. ती वर्षानुवर्षे वापरली तरच लाभ. त्याहून उत्तम म्हणजे जुन्या लुगड्याची, चादरीची किंवा पडद्याची पिशवी. जुन्या वस्त्रांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आजीने ही विद्या आपल्याला केव्हाच शिकविली आहे.

बालाघाटमध्ये काय होऊ शकेल

आमच्या मते एकाच वेळी सर्व काही हाती घेऊ नये. तीन लहान कामे एकमेकांस पूरक ठरतील.

पहिले, घरोघरी सुका कचरा गोळा करणे. जेथे नगरपालिकेची कचरागाडी येते तेथे तिला पर्याय उभा करू नये, तर तिला पूरक व्हावे. ओला कचरा गाडीकडे, आणि निवडलेला सुका कचरा भगिनींकडे. आरंभ दोनशे-तीनशे घरांच्या एकाच वस्तीपासून करावा.

दुसरे, भांड्यांची पेढी. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये ‘बर्तन बँक’ या नावाने ही कल्पना अनेक ठिकाणी रुजली आहे. पाचशे पानांच्या पंगतीत ताटली, दोन वाट्या आणि पेला धरले, तर एका वेळी दोन हजार नग कचऱ्यात जातात. स्टीलची भांडी अल्प भाड्याने मिळाली आणि ती घासण्याचे काम बचत गटाच्या भगिनींना वेतनावर मिळाले, तर हा कचरा जन्मालाच येत नाही. जेथे पाण्याची टंचाई असेल तेथे पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण आहेतच. आपल्या जिल्ह्याच्या जंगलात पाने विपुल आहेत, आणि पत्रावळी लावण्याचे कौशल्य गावोगावी आजही आहे. वापरलेली पत्रावळ खड्ड्यात गेली की खत होते.

तिसरे, पिशव्यांचे काम. आपल्या जिल्ह्यातील वारासिवनी हातमागासाठी ओळखली जाते. शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींनी जुन्या कपड्यांच्या व मागावरील उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवाव्यात, भाजीबाजारात त्या अनामत घेऊन द्याव्यात आणि परत आणल्यास अनामत परत करावी.

या कामाचे कायदेशीर स्वरूपही आधीच स्पष्ट असावे. आपल्यासारखे सार्वजनिक न्यास मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ च्या कक्षेत येतात, आणि न्यासाचा पैसा न्यासाच्या उद्दिष्टांसाठीच वापरता येतो. म्हणून न्यासाने स्वतः भंगाराचा व्यापार करावा, असे आम्ही सुचवीत नाही. काम करणाऱ्यांचा स्वतंत्र बचत गट अथवा सहकारी संस्था असावी, तिचे हिशेब स्वतंत्र असावेत आणि निर्णयही तिचेच असावेत. न्यासाने आपल्याला शोभेल तेवढेच द्यावे : सभेसाठी जागा, आरंभीच्या भांड्यांसाठी दात्यांना आवाहन, आणि मुख्य म्हणजे आपल्या शब्दाचे वजन. मंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून सांगितलेली गोष्ट घरात ऐकली जाते. हे भांडवल कोणत्याही कंपनीकडे नसते.

मंदिराने आधी आपल्यापासून सुरुवात करावी

निर्माल्य हा मंदिराचा रोजचा कचरा होय. फुले, बेल, तुळस, दूर्वा यांचे उत्तम खत होते. अट एकच, त्यात हाराचा नायलॉनचा दोरा, जरीची पट्टी, अगरबत्तीचे वेष्टन किंवा कापराची पुडी नसावी. निर्माल्य पिशवीत बांधून नदीत सोडले तर फुले कुजून पाण्यातील प्राणवायू खातात आणि पिशवी तशीच राहते. कानपूरमध्ये मंदिरांतील फुलांपासून अगरबत्ती बनविण्याचा उद्योग उभा राहिला आहे आणि त्यात अनेक महिलांना रोजगार मिळाला आहे. आपल्याकडे फुलांचे प्रमाण तेवढे नाही. आपल्यास खताचा खड्डा पुरेसा आहे, आणि ते खत भाविकांना तुळशीसाठी प्रसाद म्हणून देता येईल.

सुती किंवा केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात ओवलेला हार, प्रसाद घेण्यासाठी घरून आणलेला डबा, आणि पाण्याच्या बाटलीऐवजी तांब्या-भांडे, एवढे जरी प्रत्येकाने केले तरी उत्सवानंतरच्या कचऱ्यात डोळ्यांना दिसेल इतका फरक पडेल.

प्रत्येक घराने करावयाच्या चार गोष्टी

१. दोन डबे ठेवावेत. एकात ओला, दुसऱ्यात सुका. दुधाची पिशवी आणि तेलाचे पाकीट विसळून, वाळवून सुक्यात टाकावे. मळलेले प्लास्टिक विकले जात नाही, विसळलेले विकले जाते.

२. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर कागदात गुंडाळून, त्यावर लाल खूण करून वेगळे द्यावेत. पुण्यात या लाल खुणेची मोहीमच चालविण्यात आली. खूण पाहून निवडणारी भगिनी ते उघडत नाही. फुटलेली काच, सुया आणि ब्लेड यांचीही अशीच काळजी घ्यावी. आपल्या एका क्षणाच्या आळसाने दुसऱ्याचा हात कापतो.

३. अंगण असेल तर ओल्या कचऱ्याचे खत घरीच करावे. तळाला भोके असलेल्या माठात किंवा डब्यात ओल्या कचऱ्याचा एक थर आणि वाळलेल्या पानांचा अथवा भाताच्या कोंड्याचा एक थर द्यावा. आपला जिल्हा धानाचा असल्याने कोंड्याची उणीव नाही. दुर्गंधी आली तर ओलावा जास्त झाला असे समजून कोरडा थर वाढवावा आणि वरखाली करावे. साधारण दोन महिन्यांत काळे, मातीचा वास येणारे खत तयार होते.

४. प्लास्टिक जाळू नये. थंडीत शेकोटीत पन्नी टाकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. तिच्या धुरात विषारी वायू असतात, आणि तो धूर आधी आपल्याच लेकरांच्या छातीत जातो.

समारोप

विदर्भाच्या मातीतले संत गाडगे महाराज ज्या गावी कीर्तनाला जात, तेथे आधी हातात खराटा घेऊन गाव झाडीत असत. त्यांच्या लेखी झाडणे ही कीर्तनाची तयारी नव्हती, ते कीर्तनच होते. आपल्या गावात रोज पहाटे पोते घेऊन निघणारी माउली तेच काम करीत असते. तिच्या हाती स्वच्छ, वेगळा केलेला कचरा देणे, तिचे मोल वेळेवर चुकते करणे आणि तिला नावाने, आदराने हाक मारणे, येथून या उद्योगाचा आरंभ होतो.

न्यासाच्या आगामी सभेत हा विषय चर्चेस यावा, अशी आमची इच्छा आहे. सभेला येताना सदस्यांनी आपल्या वस्तीत किती घरे शुल्क देण्यास तयार आहेत आणि आज तेथील कचरा कोण वेचते, या दोन गोष्टींची चौकशी करून यावी. ती माहिती हाती असेल तर निर्णय घेणे सोपे जाईल. त्या भगिनींपैकी कोणास सभेला येणे शक्य असल्यास त्यांनाही सन्मानाने घेऊन यावे, ही नम्र विनंती.

आपले नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळाच्या वतीने
बालाघाट (मध्य प्रदेश)